सिकलसेलसाठी नवा रेणू शोधावा, की आहे तीच गोळी आधी गावात पोचवावी?

झाडीपट्टीतला मास्तर:
फार्मसी शिकवतो, घर गडचिरोलीकडचं. सिकलसेल म्हणजे मुळात प्रथिनानं प्रथिनाला चिकटण्याचा आजार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा घटक, येतं. ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या रेणूच्या खोबणीत शिरतं, त्याला पुढचा रेणू, अन् दोरखंड वळला जातो. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते अन् बारीक रक्तवाहिनीत अडकते. प्रथिनांचे सांधे सपाट असतात, औषधाच्या लहान रेणूला तिथं पाय रोवता येत नाही, असं वर्षानुवर्षं ऐकलं. तरी २०१६ मध्ये रक्ताच्या कर्करोगावर व्हेनेटोक्लॅक्सला अमेरिकेत मंजुरी मिळालीच. ती गोळी कर्करोगाच्या पेशीला जगवणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनाची पकड सोडवते. इथं तर खोबण माहीत आहे! ती अडवणारा रेणू शोधायचं काम आपल्या प्रयोगशाळांनी घ्यायलाच हवं.

उपकेंद्रवाली:
सर, खोबण समजली जी. पण गेल्या भाताच्या रोवणीत बांधीच्या गार पाण्यात दिवसभर उभी राहिलेली पोरगी आमच्याकडे खाटेवर आणली. गुडघ्याला हात लावू देईना. हायड्रॉक्सीयुरिया तिला लिहून दिलेली, पण महिनाभर साठाच नव्हता. अमेरिकेत १९९८ पासून मान्य असलेली गोळी! अंगात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवते, ते दोरखंडात गुंतत नाही. म्हणजे चिकटणं थोपवणारं औषध आहेच. नवं काहून पाहिजे?

मास्तर:
कारण ती सगळ्यांना लागू पडत नाही, पांढऱ्या पेशी घटतात, नेमानं रक्त तपासावं लागतं. ती तपासणी तुमच्याकडे वेळेवर होते का, ताई?

वर्धेकर:
मास्तर, सिकलसेलवरच्याच व्हॉक्सेलोटर या औषधाचं काय झालं? २०१९ मध्ये मंजुरी, हिमोग्लोबिनचा आकडा वाढला, अन् सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं जगभरातून परत घेतलं. चाचण्यांत मृत्यू अन् वेदनेचे झटके जास्त दिसले. शिवाय एका तांबड्या पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिन रेणू. किती औषध ओतणार? व्हॉक्सेलोटर रोज दीड ग्रॅम द्यावं लागे.

मास्तर:
मात्रेचा मुद्दा खरा, मलाही तोच छळतो. पण व्हॉक्सेलोटर त्या खोबणीत बसतच नव्हतं. अल्फा साखळीला धरून ऑक्सिजन सुटू देत नव्हतं. अन् प्रत्येक रेणू अडवायची गरज नाही. दोरखंड वळायला क्षणभर उशीर झाला, तरी पेशी बारीक रक्तवाहिनीतून निसटून जाते.

उपकेंद्रवाली:
हे पटलं. पण चाचणी आमच्याच पोरींवर होईल. नंतर ती गोळी आमच्या केंद्रात मिळेल, हे आधी लिहून द्या. मग घरोघर फिरून नावं मी गोळा करते.