राज्य मंडळाच्या दहावीत उत्क्रांतीचा धडा आहेच

"दहावीतून उत्क्रांती काढली" असं म्हणतात ते अर्धंच खरं. काढली एनसीईआरटीने, म्हणजे केंद्राची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेने, सीबीएसईच्या पोरांची. आता ती थेट बारावीच्या जीवशास्त्रात, म्हणजे कॉमर्सला गेलेल्याला कधीच नाही. आपल्या राज्य मंडळाच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे.

पण पुस्तकात असणं वेगळं, वर्गात येणं वेगळं. मी कळव्यात शिकवण्या घेते. गेल्या वर्षी एका मुलाच्या वहीत आनुवंशिकतेच्या व्याख्या लालने टिक केलेल्या आणि पुढची तीन पानं कोरी. "बाईंनी घरी वाचायला सांगितलं, पालक भांडायला येतात म्हणे." कोणी मंत्र्याने बंदी घालायची गरजच काय! मग मीच अवशेषांगांपासून, म्हणजे शरीरात उरलेल्या पण आता फारशा कामाच्या नसलेल्या अवयवांपासून सुरुवात केली. सगळ्यांना पाठीच्या कण्याचं खालचं टोक चाचपायला लावलं, नाव विचारलं. "माकडहाड!" आणि जो हशा पिकला... रोज कीर्तनाला जाणाऱ्या एका मुलीने शांतपणे विचारलं, "बाई, मग मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम?" मी म्हटलं, कथा म्हणून सुंदर आहे, पण परीक्षेत पेरीपॅटस लिही, दोन प्राणिगटांना जोडणारा दुवा म्हणून. तिला काही अडचण वाटली नाही. अडचण मोठ्यांनाच असते.