गोठ्यावर मुक्काम: शिक्षण की फुकटची मजुरी?

वाळवेकर:
काल इथे एका पालकाने लिहिलं, "पोराला जनावरांचा डॉक्टर व्हायला पाठवला, तर कॉलेजच्या फार्मवर ठेवून पहाटे शेण काढायला लावतात." वाचून राहवलं नाही. आमच्या अडलेल्या गाईजवळ पदवीवाले डॉक्टर बिचकत उभे होते. शेवटी चुलत्यानेच वासरू मागे ढकलून मुडपलेली मान सरळ केली. हे पुस्तकात असतंच, पण कोपरापर्यंत हात आत असताना गाईने कळ दिली की काय होतं, ते पुस्तकात कळत नाही. आणि शेण पातळ झालंय हे शेण काढणाऱ्यालाच आधी दिसतं.

खंडाळा तालुका:
पहिल्या वर्षी काढू की शेण. चौथ्या वर्षीही तेच? आमच्या वेळी गडी कमी, म्हणून पोरं जुंपली. विद्यावेतन फक्त शेवटच्या इंटर्नशिपच्या वर्षाला, आधीची साडेचार वर्षं कोरडी. माझ्या रूममेटला वार (जार) अडकलेल्या गाईत हातमोज्याशिवाय हात घालायला लावला. ब्रुसेलोसिस झाला, जनावराकडून माणसाला लागणारा रोग. रोज संध्याकाळी ताप, सांधे धरलेले, वर्ष वाया गेलं.

जुना सातारकर:
कर्मवीर अण्णांच्या, भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यात राबायची लाज? १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा आणि शिका'वर उभं राहिलं.

खंडाळा तालुका:
अण्णांना मध्ये आणू नका. तिथे मुलाच्या कामावर त्याचं शिक्षण भागायचं. आम्ही फी भरली, मेसचे पैसे भरले आणि वर राबलो.

माणदेशी लेक:
तुम्ही कामावरून भांडताय, आम्हाला तर रात्री गोठ्यावर जाऊच दिलं नाही. होस्टेलचं गेट नऊला बंद. गाय विताना आम्ही पाहिली ती मुलांच्या मोबाईलवर. आज माण-खटावात प्रॅक्टिस करते. खिल्लार गाय परक्याला सहज अंगाला हात लावू देत नाही. पहिल्याच अडलेल्या केसला एकटी होते, कसं निभावलं माझं मला माहीत.

जुना सातारकर:
उद्या मुलीला काही झालं तर प्राचार्यांनाच धरणार ना?

माणदेशी लेक:
म्हणून कोंडून ठेवायचं? माझी आजी कंदील घेऊन रात्री-अपरात्री गोठ्यात जायची, तिला कुणी कुलूप लावलं नाही. फार्मवर एक खोली, संडास, दिवे आणि दोघी-दोघींची ड्युटी, एवढंच मागतेय. आमच्या पदवीवर 'फक्त दिवसा' असं लिहिलेलं नाही!

जुना सातारकर:
आवाज चढवू नका. खोली असेल तर माझी हरकत नाही.

वाळवेकर:
ताईंचं बरोबर आहे. हातमोज्यांचंही मानतो. पण शिकणाऱ्याला मजुरी कसली?

खंडाळा तालुका:
फार्मचं दूध रोज विकलं जातं ना? पहाटेची धार पोरंच काढतात. त्या पैशातून मेसचं बिल कमी करा, मग मजुरीचं नाव काढणार नाही.

वाळवेकर:
बिल कमी करा, चालेल. पण धार चुकता कामा नये. कासेत दूध तुंबलं की दगडी होते, म्हणजे कास सुजते. गाईला तुमची परीक्षा कळत नाही.

खंडाळा तालुका:
परीक्षेच्या आठवड्यात गडी लावा. ते कॉलेजचं काम आहे, पोरांचं नाही.