घरासमोरची जागा कुणाची?

वर एकानं विचारलंय, शेजारी रोज आमच्या दारात गाडी लावतो, तर तिथं कुंड्या ठेवू का? भावा, नको. रस्ता सार्वजनिक, घरपट्टी भरली म्हणून तो आपला होत नाही. उलट कुंड्यांचंच अतिक्रमण होईल.

आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत एकानं रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून, वर लोखंडी गज रोवून जागा 'धरली' होती. समोरच्यानं रात्री डबा सरकवला, सकाळी बोनेटवर ओरखडा. दोन्ही घरांची दिवाळीची फराळाची ताटं त्या वर्षी बंद! गल्ल्या म्हशी आणि सायकलींच्या मापाच्या, आणि प्रत्येकाला चारचाकी पाहिजे.

फाटकच अडवलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२२: इतरांना अडथळा होईल अशी गाडी उभी करता येत नाही. बेवारस गाडी दहा तास किंवा जास्त पडून असेल तर कलम १२७ खाली पोलीस ती उचलायला लावू शकतात. फोटो काढून ठेवा, नंबर आणि वेळ दिसेल असा. पण आधी दारात जाऊन सांगा, "काका, सकाळी सातला गाडी काढायची असते, तेवढी पुढं घ्या." आमच्याकडं तेवढ्यावरच मिटलं, फराळ अजून सुरू व्हायचाय.