वेळ आपल्या हातात कसा आणलात? अनुभव सांगा

सातारची_लेक
परवा माहेरी माळा आवरताना आईच्या जुन्या कालनिर्णयची पानं सापडली. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, आणि दर रविवारच्या चौकोनात बारीक अक्षरात 'मी'. विचारलं तर म्हणाली, "रविवारी 4 ते 5 मी कुणाची नाही, असं ठरवलं होतं." तेव्हा घरात सात माणसं, वर तिची शाळा. रेडिओवर 7:05 ला पुणे केंद्राच्या बातम्या लागल्या की कुकर उतरलेला असायचा, संपल्या की डबे भरलेले. मला तो 'मी' बघून भरून आलं.

माझा दिवस कुठे जातो तेच कळत नव्हतं. मग तीन दिवस दर तासाला वहीत लिहिलं. फोन तर होताच, पण किल्ल्या, चार्जर, लेकाचं ओळखपत्र शोधण्यातच रोजचा अर्धा तास! दाराशी एक टोपली ठेवली, सगळं त्यात. सकाळची आरडाओरड थांबली. तुम्ही काय केलंत? लिहा, मला खरंच हवंय.

फोडणीची_पोळी
तो 'मी' 😢 कुकर झाला की लिहिते.

डोंबिवली_फास्ट
आमची भाजी लोकलमध्येच निवडून व्हायची. ठाणे येईपर्यंत मेथीची जुडी संपलेली, मटार असले तर शेजारचीही दोन शेंगा सोलणार. घरी पाय ठेवला की फोडणी. आता घरून काम, जायचे-यायचे तीन तास वाचले म्हणतात सगळे, पण ते गेले कुठे? शेवटी ठरवलं, 6 वाजता लॅपटॉप बंद करून कपाटात, आणि चपला घालून कॉलनीला एक फेरी. ऑफिस सुटल्यासारखं वाटतं तेव्हाच.

बांधावरून
पारनेर. आमचा वेळ लायटीच्या हातात होता. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री 2 ला बॅटरी घेऊन कांद्याला पाणी द्यायचं, बिबट्याची भीती वेगळीच. बायको जागी, आई जागी. गेल्या वर्षी सोलर पंप बसला. ढगाळलं की पाणी कमी पडतं, ते खरं. पण सकाळी 9 ला मोटर चालू, सूर्य कलला की काम बंद. रात्री सगळं घर झोपतं. याहून जास्त काय सांगू.

सातारची_लेक
दादा, हे आम्हाला शहरात बसून सुचलंच नसतं. काळजी घ्या.

अनुवादाची_हमाली
मी 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी करते. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून सुरू केलेली पद्धत, म्हणून नाव पोमोदोरो, म्हणजे टोमॅटो. फोनचा टायमर लावू नका, फोन हातात आला की संपलं. मी 150 रुपयांचा किल्लीचा टायमर घेतला. त्याची टिकटिक चालू असली की मुलीही हाक मारत नाहीत.

फोडणीची_पोळी
आले. सासूबाई दीड वर्ष अंथरुणावर आहेत. औषधं, कूस बदलणं, सलग असा वेळ मिळतच नाही. 25 मिनिटं माझ्याकडे नसतात गं. नणंदेला स्पष्ट सांगितलं, रविवारची दुपार तुझी. सांगताना हात थरथरत होते. ती लगेच हो म्हणाली, "वहिनी, आधी का नाही सांगितलंस?" मी त्या दुपारी नुसती झोपते.

डोंबिवली_फास्ट
झोपच. खुशाल झोप.

न्यूजर्सीची_मावशी
आईला फोन कधी करायचा यातच माझी ओढाताण व्हायची. आता शनिवारी माझे सकाळचे 8, बास. तिच्याकडे उन्हाळ्यात साडेपाच, आमची घड्याळं मागे गेली की साडेसहा. तेव्हा आधीच्या आठवड्यात आठवण करून द्यायची, नाहीतर ती तासभर फोनपाशी बसून राहते. एका वर्षी विसरले होते. अजून लागतं मनाला.

कोथरूडकर_आजोबा
रिटायर झाल्यावर वेळच वेळ, आणि एक काम धड होईना. बँक, बिलं, दवाखाना सगळं मंगळवारी नेऊन ठेवलं. बाकीचे दिवस मोकळे वाटू लागले.

बिनपाण्याची
@डोंबिवली_फास्ट मेथी निवडून किती दिवस राहते हो? माझी तिसऱ्या दिवशी काळी पडते.

डोंबिवली_फास्ट
धुतेस का आधी? न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेव. चार दिवस सहज.

बिनपाण्याची
धुतेच की! उद्या आणते जुडी.