शाळेच्याच वेळेत वेगळी शिकवणी : तुमचे अनुभव सांगा

मुलगा तिसरीत आहे, असेसमेंटमध्ये डिस्लेक्सिया (वाचणं-लिहिणं जड जाण्याची अडचण) निघालाय. रेमेडियल टीचर, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या बाई, मिळाल्यात पण त्यांच्याकडे संध्याकाळचा स्लॉट नाही, आणि खरं सांगायचं तर शाळेतून आल्यावर याच्यातही काही राम उरलेला नसतो, पुस्तक उघडलं की डोळे चोळायला सुरुवात. म्हणून शाळेच्या वेळेतच आठवड्यातून तीनदा पाऊण तास असं चाललंय डोक्यात. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा ना, कोणता तास सोडलात, शाळेशी कसं बोललात. फसलेलं आधी लिहा.

*

फसलेलंच सांगते. आम्ही पीटीचा तास दिला, कारण "अभ्यास बुडायला नको". मैदानावरचा आरडाओरडा खिडकीतून आत यायचा आणि माझी लेक जोडाक्षरं घेऊन बसलेली. महिन्याभरात तिने पेन्सिलीचं टोक मुद्दाम मोडायला सुरुवात केली, दर पाच मिनिटांनी शार्पनर! शेवटी बाईच म्हणाल्या, अहो तिला दिवसभरात जे एक जमतं तेच काढून घेतलंत तुम्ही. मग भाषेच्या तासालाच बाहेर काढलं, तसंही तिथे ती फळ्यावरचं नुसतं उतरवत बसायची, त्यातलं वाचता कुठे येत होतं. टोकं मोडायची थांबली.

*

सगळं लेखी घ्या, एवढंच सांगेन. आमचं तोंडी ठरलं होतं, वर्षाच्या मध्यात वर्गशिक्षिका बदलल्या आणि सगळंच मुसळ केरात. कोणता वार, कोणता तास, हजेरी कशी लागणार, वर्गात आणून कोण सोडणार, त्या दिवशी चाचणी आली तर काय, आणि बुडालेलं कोण देणार, हे सगळं एका पानावर. माझं मत, अख्खा रिपोर्ट शाळेला द्यायची गरज नाही, शिफारशींचं पान पुरतं. आमचा रिपोर्ट स्टाफरूमभर फिरला, त्याचा त्रास अजून होतो.

*

मी स्वतः रेमेडियल शिकवते म्हणून थोडं लांबतंय, सांभाळून घ्या. डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही, बुद्धीचाही नाही, शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षराशी जोडणं जड जातं. १९३०च्या दशकात अमेरिकेतले डॉक्टर ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांनी जी पद्धत बसवली तिचाच आधार अजून बरेच जण घेतात, म्हणजे बघायचं, ऐकायचं, मोठ्याने म्हणायचं आणि बोटाने गिरवायचं, सगळं एकदम, आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. आपल्या लिपीत गंमत बघा, 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते पण ऐकू येते नंतर. ट्रेमधल्या वाळूत एक मुलगा हे गिरवत होता, तीन वेळा पुसलं, मग वैतागून म्हणाला, "बाई, ही आधी येऊन उभी राहते आणि बोलते मात्र शेवटी!" त्या दिवसापासून त्याची ती वेलांटी चुकली नाही. हे सगळं ताज्या डोक्याने होतं, म्हणून मीही सकाळचाच तास मागते. आणि आठवड्यातून एकदाच दोन तास लावू नका, थोडं थोडं पण वरचेवर हवं.

*

आमचं थोडं वेगळं. मुलगी गणितात बरीच पुढे, वर्गात कंटाळून बाकावर चित्रं काढायची. गणिताच्याच तासाला बाहेरचे सर येऊन पुढचं शिकवायचे. छान चाललं, फक्त वर्गाच्या पेपरात पायऱ्या न लिहिता थेट उत्तर लिहायला लागली आणि मार्क गेले.

*

वर्गात काय सांगायचं याचा आम्ही विचारच केला नव्हता. तिसऱ्या दिवशी कोणीतरी "ढ लोकांचा क्लास" म्हणालं आणि चिरंजीव जायलाच तयार नाहीत. मग त्याच्याशीच बसून एक वाक्य ठरवलं, "मला वाचायला वेगळ्या पद्धतीने शिकवतात." आरशासमोर दहा वेळा म्हणून घेतलं. चिडवणं लगेच नाही थांबलं, पण याला उत्तर मिळालं.

*

धागा मीच काढला होता. बुधवारी शाळेत बोलले, मराठीचे दोन तास आणि इतिहासाचा एक, लेखी देतो म्हणाले. मुलाला विचारलं तर त्याची एकच अट, चित्रकलेला हात लावायचा नाही. नाही लावला. सोमवारपासून सुरू.