प्रतिसाद: खारेपाटात समुद्र खाडीतून येतो

समुद्राची पातळी वाढत असताना किनाऱ्यावर दगडी बंधारा घातला की गावे सुरक्षित राहतील, हे या चर्चेत मांडलेले मत वाळूच्या किनाऱ्यापुरते काही अंशी मान्य करता येईल. परंतु रायगड जिल्ह्यातील पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे बांध घालून शेतीखाली आणलेल्या खाडीकाठच्या खारजमिनीत, समुद्र समोरून नव्हे, तर खाडीतून आत येतो, आणि तिथली भातशेती मुळातच उधाणाच्या पाणीपातळीपेक्षा खाली आहे. ती टिकते मातीच्या बाहेरकाठ्यावर (खाडीकडील बांधावर) आणि त्यातील उघाड्यांवर (पाण्याच्या झडपांवर), ज्या ओहोटीला उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडतात व भरतीला मिटतात. समुद्राची सरासरी पातळी वाढली की बांध फुटण्याचा धोका तर वाढतोच, शिवाय उघाडी उघडी राहण्याचा काळही कमी होतो, त्यामुळे बांध शाबूत असूनही पावसाचे पाणी शेतात तुंबते.

या चर्चेत न आलेली आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. बांधाला खांड (भगदाड) पडून ती वेळीच बुजवली नाही, तर खाऱ्या पाण्याबरोबर शेतात कांदळवन रुजते. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 आणि 2018 च्या आदेशांनी कांदळवनांना संरक्षण मिळाले, ते आवश्यकच होते. मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला अशी जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे त्यानंतर जवळजवळ अशक्य होते. पूर्वी गावकरी एकत्र येऊन बांधाची डागडुजी स्वतः करीत. 1979 च्या खारजमीन विकास कायद्यानंतर शासकीय योजनांमधील बांधांची जबाबदारी शासनाकडे आहे, म्हणून खांड पडल्यापासून ती बुजेपर्यंत किती काळ जातो, हा प्रश्न इथे बंधाऱ्याच्या उंचीइतकाच विचारला गेला पाहिजे.