पिकासोची रडणारी बाई: चेहरा बघायचा कुठून?

अप्पा बळवंत चौकातून ‘वीपिंग वुमन’ची प्रिंट आणली. सासूबाई म्हणाल्या, “दाराबाहेर लाव, दृष्ट लागणार नाही.” हसले खरी, पण नाक बाजूने आणि डोळे समोरून, असं का?

– दोन्ही बाजू एकदमच बघितल्यात म्हणून. चित्र १९३७चं, ‘गेर्निका’ या पिकासोच्याच युद्धविरोधी चित्रानंतरचं. बाई म्हणजे डोरा मार, पिकासोची फोटोग्राफर मैत्रीण. ‘गेर्निका’ रंगताना फोटो तिनेच काढले होते.

– तोंडाजवळचा पांढरा-निळा भाग बघा. रुमाल आहे तो, दातात धरलेला. आणि टोपी? लालभडक, वर निळं फूल! नटूनथटून निघालेली बाई वाटेतच कोसळल्यासारखी.

– रुमाल होय! मी काचेचे तुकडे समजत होते. सासूबाईंना दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, “मग हॉलमध्ये लाव. टीव्हीच्या वर नको पण.”